कंपनीचें दान आणि नोकरदाराचा शनिवार

ऐरोली, महापे, घणसोली, तुर्भे या बाजूच्या एखाद्या मोठ्या कंपनींत ज्या घरचा मुलगा, मुलगी अथवा सून नोकरीस आहे, त्या घरास अलीकडे एका नव्या धर्तीचें आमंत्रण चांगलेंच परिचयाचें झालें आहे. येत्या शनिवारीं सकाळीं सात वाजतां कंपनीच्या दारांतून बस निघेल, खाडीकांठीं प्लास्टिक वेंचण्याचें काम आहे, टोपी, हातमोजे व कंपनीचें चिन्ह छापलेला सदरा तेथेंच मिळेल, न्याहारीची सोय केली आहे, तरी इच्छुकांनीं बुधवारपर्यंत नांवें नोंदवावीं. पुढील महिन्यांत हेंच आमंत्रण शाळेच्या भिंती रंगविण्याचें असतें, त्यापुढें रक्तदानाचें, आणि वर्षांतून एखादे वेळीं पगारांतून दरमहा ठराविक रक्कम एखाद्या संस्थेस देण्याविषयींचें. शनिवार हा आठवड्याच्या दोन सुटींपैकीं एक. त्या दिवशीं घरांत दळणापासून दवाखान्यापर्यंतचीं कामें तुंबलेलीं असतात, आजोबांचे डोळे तपासून घ्यावयाचे असतात, मुलाची गणिताची चांचणी तोंडावर आलेली असते. अशा वेळीं सूनबाई कंपनीच्या नांवाचा सदरा घालून बाहेर पडूं लागल्या, कीं सासूबाई विचारतात, "हें काम कंपनीचें, कीं तुझें?"

प्रश्न वरवर पाहतां कुरकुरीचा वाटतो. आमच्या मतें तो कुरकुरीचा नसून अगदीं नेमका आहे, आणि त्याचें उत्तर कंपन्यांच्या कायद्यांतच सांपडतें.

२०१३ सालच्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, अथवा वार्षिक उलाढाल १,००० कोटी, अथवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकीं कोणत्याही एका मर्यादेस पोंचला असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्चावी, असा दंडक त्या वेळीं घालण्यांत आला. सरासरी नफा १०० कोटी असला, तर खर्च २ कोटी. पहिलीं कांहीं वर्षें रक्कम खर्च न झाल्यास अहवालांत कारण नमूद करून सुटतां येत असे. २०२१ च्या आरंभापासून तीही वाट बंद झाली. न खर्चिलेली रक्कम ठराविक मुदतींत वेगळ्या खात्यांत अथवा सरकारनें नेमून दिलेल्या निधींत भरावी लागते, आणि न भरल्यास दंड होतो. हल्लीं ज्यास सीएसआर या तीन अक्षरांनीं ओळखतात, तो हा खर्च. तेव्हां कंपनीनें एखाद्या शाळेस संगणक दिले किंवा पाड्यावर पाण्याची टाकी बांधून दिली, ही गोष्ट चांगली खरी. परंतु तिला दान म्हणणें हें घरपट्टी वेळेवर भरणाऱ्यास दानशूर म्हणण्यासारखें आहे.

यांत कंपन्यांस हिणविण्याचा आमचा हेतु नाहीं. कायदा होण्यापूर्वीं कित्येक पिढ्या आधीं स्वखुशीनें देणारीं उद्योगघराणीं या मुंबईनें पाहिलीं आहेत. सर दोराबजी टाटा यांचा ट्रस्ट १९३२ चा; त्याच ट्रस्टनें उभारलेलें परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चें. त्या रुग्णालयाचें संशोधन व उपचारांचें मोठें केंद्र आज खारघरास आहे, तेव्हां नव्या मुंबईच्या रहिवाशांनीं तरी जुन्या दातृत्वाविषयीं कृतघ्न असूं नये. आमचें म्हणणें एवढेंच, कीं कायद्यानें लागू झालेला खर्च आणि मनानें दिलेलें दान हीं दोन वेगळ्या रकान्यांत लिहावीं.

आतां मौजेची गोष्ट पाहा. कायदा झाल्यावर असा प्रश्न उपस्थित झाला, कीं नोकरांनीं समाजकार्यास दिलेल्या तासांची पगाराच्या दरानें किंमत करून ती या २ टक्क्यांत धरतां येईल काय? कंपनी व्यवहार मंत्रालयानें २०१६ च्या जानेवारींत खुलासा केला, कीं नोकरांना या कामांत सामील करून घेण्यास उत्तेजन अवश्य द्यावें, परंतु त्यांच्या विनामूल्य सेवेची पैशांत किंमत करून ती कंपनीच्या खर्चांत दाखवितां येणार नाहीं. २०२१ सालच्या खुलाशांतही हेंच धोरण कायम राहिलें. सरकारी खुलासे वाचण्याची हौस आम्हांस नाहीं. पण हा एक खुलासा प्रत्येक नोकरदाराच्या घरीं भिंतीवर लावण्याजोगा आहे. कारण सासूबाईंच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत आहे. पैसा कंपनीचा, शनिवार सूनबाईंचा. वार्षिक अहवालांत छायाचित्र छापून येईल, किती जणांनीं किती तास दिले तो आंकडाही येईल, परंतु कायद्याच्या हिशेबांत त्या तासांस जागा नाहीं. जें कंपनीच्या हिशेबांत धरलें जात नाहीं तें ज्याचें त्याचेंच राहतें. आणि तें कोणास, किती व कशा प्रकारें द्यावें हें ठरविण्याचा अधिकारही कंपनीच्या प्रसिद्धिखात्याचा नसून देणाराचा, व ज्या घरांतून तो वेळ काढला जातो त्या घराचा आहे.

नोकरी सांभाळून उरलेल्या वेळांत लोककार्य उभारावें, ही कल्पना कांहीं परदेशांतून आयात झालेली नाहीं. धोंडो केशव कर्वे हे १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले, ते १९१४ सालीं निवृत्त होईपर्यंत पगारदार माणूसच होते. आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाचा पगार तो केवढा, तर दरमहा ७५ रुपये. या नोकरींत असतांनाच १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यांत प्लेगनें कहर मांडला असतां १९०० सालीं आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोंपडींत गेला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेली होती. पण रानांतल्या त्या झोंपडींत राहणाऱ्या विधवा मुलींची रोजची काळजी वाहणारें माणूस कोण? कॉलेजांतील तास संपवून अण्णासाहेब सायंकाळीं सुमारें चार मैलांची वाट पायीं तुडवीत हिंगण्यास जात, आणि दुसऱ्या दिवशीं वेळेवर वर्गावर हजर होत. पावसाळ्यांत ती वाट चिखलाची, उन्हाळ्यांत धुळीची. एका शनिवारची हौस असती तर ती पहिल्या पावसांतच विरली असती.

याच गोष्टीची दुसरी बाजू आमच्या चरित्रलेखकांकडून बहुधा निसटते. अण्णासाहेबांचा वेळ आणि पैसा आश्रमाकडे वळला, तो घरांतूनच वळला. संसाराची त्यापायीं झालेली ओढाताण बाया कर्व्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'माझें पुराण' या आत्मचरित्रांत कांहीं आडपडदा न ठेवतां सांगितली आहे. ज्या घरांत कोणी बाहेर जाऊन समाजाचें काम करतें, त्या घरांत कोणी तरी मागें राहून त्या वेळचा स्वयंपाक करतें, मुलाचा अभ्यास घेतें, आजोबांना दवाखान्यांत नेतें. त्या मागें राहणाराचें नांव कोणत्याच यादींत नसतें. एकत्र कुटुंबांत हें विशेष जाणवतें; पण एकत्र कुटुंबाचा आधारही येथेंच आहे. दोघांच्या बिऱ्हाडांत शनिवार देणें म्हणजे घर बंद ठेवणें. चार मोठीं माणसें असलेल्या घरांत तो वांटून घेतां येतो. मात्र वांटून घ्यावयाचा तर आधीं विचारलें पाहिजे, आणि कोणतें काम, कोणासाठीं, किती दिवस, हें घरीं सांगितलें पाहिजे. शुक्रवारीं रात्रीं जेवतांना सहज म्हणून टाकलेलें वाक्य पुरत नाहीं.

पगारांतून दरमहा कांहीं रक्कम देण्याच्या योजनेचेंही असेंच एक घरचें उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येक माणसानें वर्षास एक पैसा द्यावा, एवढेंच मागणें. त्या काळीं पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. लोकमान्यांनीं या कल्पनेस पाठबळ दिलें आणि त्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाड्यास कांचेचा कारखाना उभा राहिला. या फंडाचें मर्म रकमेंत नव्हतें. गरिबांतल्या गरिबासही देतां यावें आणि श्रीमंतासही त्याहून जास्त मागूं नये, अशी ती योजना होती. आज संगणकाच्या पडद्यावर एक खूण केली, कीं दरमहा दोनशें रुपये आपोआप कापले जातात व एखाद्या संस्थेस पोंचतात; कित्येक कंपन्या तितकीच रक्कम स्वतःकडून घालतात. संस्थेच्या दृष्टीनें हे दोनशें रुपये एकदम आलेल्या मोठ्या देणगीपेक्षां मोलाचे असतात. पुढील जूनमध्यें वसतिगृहांत किती मुलें ठेवतां येतील, शिक्षकास वर्षभर पगार देतां येईल कीं नाहीं, हें तिला नियमित येणाऱ्या पैशावरच ठरवितां येतें. दातृत्वांत नियमितपणा हा गुण आमच्या लोकांनीं फार हलका मानला आहे. श्रावणांत हात सैल, आणि पुढें अकरा महिने मूठ झांकलेली!

प्राप्तीकराचें एक बारीक कलम येथें सांगून ठेवितों. जुन्या करपद्धतींत मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या देणगीवर सवलत मिळत आली आहे. नव्या पद्धतींत, जी न सांगतां लागू होते, ती मिळत नाहीं. मार्च महिना आला कीं पावत्या शोधणाऱ्या गृहस्थांस हें खटकेल. आम्हांस त्यांत वाईट वाटत नाहीं. सवलत गेल्यावर जो देत राहील, त्याचें देणें अधिक निखळ.

खटकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे, आणि ती म्हणजे भीड. आमंत्रणावर 'ऐच्छिक' असें ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें. परंतु तें आमंत्रण ज्याच्या हातीं बढती व पगारवाढ आहे त्या वरिष्ठाकडून आलें, शेजारच्या खात्यांत सर्वांनीं नांवें दिल्याची वार्ता त्यासोबत आली, आणि न येणाराचें नांव सर्वांना दिसेल अशी यादी फिरूं लागली, म्हणजे त्या शब्दांत कितीसा अर्थ उरतो? सहा महिन्यांपूर्वीं नोकरीस लागलेल्या, घरभाडें व शिक्षणाचें कर्ज फेडणाऱ्या पोरानें 'या खेपेस जमणार नाहीं' म्हणावें कसें? भिडेनें दिलेलें दान घेणारास उपयोगी पडतें, यांत शंका नाहीं. पण देणाराच्या मनांत तें एक बोंच ठेवून जातें, आणि पुढें खऱ्या गरजेच्या वेळीं तोच हात आंखडतो. ज्या कचेऱ्यांत नांवें गुप्त ठेवण्याची, रक्कम कोणासही न कळूं देण्याची आणि नकारास कारण न विचारण्याची रीत आहे, तेथें देणारे कमी असले तरी टिकाऊ असतात. उजव्या हाताचें डाव्यास कळूं नये, हें शिकवण्यास आम्हांला कोणी परका गुरु नको होता.

आतां खाडीकडे वळूं, कारण नव्या मुंबईंत या शनिवारच्या सेवेचें सर्वांत आवडतें क्षेत्र तेंच आहे. ठाण्याची खाडी सुमारें २६ किलोमीटर लांब. तिच्या दोन्ही कांठांस तिवरांचें दाट रान आहे, आणि हिंवाळा लागला कीं रोहित पक्ष्यांचे थवे तेथें उतरतात. २०१५ सालीं खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग या पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. तिवराचीं श्वसनमुळें चिखलांतून बोटांसारखीं वर आलेलीं असतात. प्लास्टिकच्या पिशव्या त्यांवर लपेटून बसल्या, कीं झाड गुदमरतें. म्हणजे पिशव्या वेंचण्याचें काम निरर्थक नाहीं. पण हाच चिखल शंभर दीडशें माणसांनीं एकाच सकाळीं तुडविला, तर कोंवळीं रोपें पायांखालीं जातात. शिवाय भरती दिवसांतून दोनदां येते आणि शहराचे नाले जें काय खाडींत ओततात तें पुन्हां आणून टाकते. वर्षांतून एकदां आलेल्या दीडशें माणसांपेक्षां दर पंधरवड्यास ओहोटीची वेळ पाहून येणारीं दहा माणसें तिवरांच्या अधिक उपयोगाचीं. शिकलेल्या माणसाला झाडें लावण्याची तर विशेष हौस. परंतु ज्या उघड्या चिखलावर रोहित पक्षी आपलें भक्ष्य गाळून खातात, तो रिकामा दिसतो म्हणून त्यावर रोपें खोंचणें ही पक्ष्यांच्या ताटांत माती कालविण्याचीच गोष्ट आहे. वन खात्याच्या कांदळवन कक्षास विचारल्यावांचून रोप लावूं नये, हें साधें पथ्य कित्येक उत्साही मंडळींना कोणी सांगितलेलें नसतें.

याच शहरांत २०२४ च्या उन्हाळ्यांत नेरूळच्या तळ्यावर कांहीं रोहित पक्षी मरून पडले. सुमारें ३० एकरांचें तें तळें भरतीच्या पाण्यावर जगतें, आणि पाणी येण्याची वाटच कोंडली होती. तेथें सदरे वांटून सुटण्यासारखें कांहीं नव्हतें. आसपासच्या नागरिकांनीं व पक्षिप्रेमींनीं अर्जांवर अर्ज केले, छायाचित्रें काढलीं, पाण्याच्या पातळीकडे लक्ष ठेविलें, कचेऱ्यांचे उंबरे झिजविले. पुढें २०२५ सालीं तें तळें संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय झाला. या कामांत कोणत्याही कंपनीचें चिन्ह मिरविण्यास जागा नव्हती, आणि बहुधा म्हणूनच अशा कामासाठीं बस निघत नाहीं.

शाळांविषयीं थोडक्यांतच सांगतों. दिघा, रबाळे, तुर्भे या भागांतील दाट वस्तींतील मुलें महानगरपालिकेच्या शाळांत शिकतात. भिंत रंगविणें हें एका दिवसांत आटोपणारें, डोळ्यांना दिसणारें आणि छायाचित्रांत शोभणारें काम. तेव्हां भिंतीवर रंगाचे थर चढत जातात. चौथींतल्या मुलाला भागाकार येत नसतो; तो येण्यास मात्र वर्षभर दर शनिवारीं कोणी तरी समोर बसावें लागतें. आणखी एक गोष्ट आम्हांस नेहमीं बोंचते. ज्या शाळेची भिंत रंगविण्यास कंपनीचे लोक जातात, तेथें त्यांच्याच कचेरीच्या फरशा पुसणाऱ्या बाईचें किंवा दारावरच्या पहारेकऱ्याचें मूल बसलेलें असूं शकतें. हीं माणसें कंत्राटदाराचीं, म्हणून कंपनीच्या नोकरांत त्यांची गणना नाहीं, आणि सेवेकऱ्यांच्या यादींतही नाहीं. त्यांच्या मुलांच्या अभ्यासाची चौकशी करण्यास शनिवारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. रोज सकाळीं दारांतून आंत शिरतांना ती करतां येते.

रक्तदानाची गोष्ट याहून बरी, कारण तेथें ढोंगास वाव थोडा. तरी तिथेंही दिवस पाहून पुण्य करण्याची संवय आडवी येते. संस्थापकांचा जन्मदिन किंवा गांधीजयंती आली कीं शिबिरें भरतात, आणि मे महिन्याच्या सुटींत व दिवाळींत पेढ्या रित्या होतात. रक्तांतील तांबड्या पेशी शीतपेटींत पांचसहा आठवडे टिकतात. परंतु प्लेटलेट म्हणून जो घटक असतो तो जेमतेम पांच दिवस. कर्करोगाच्या औषधांनीं नेमका हाच घटक खालावतो, आणि परळ-खारघरच्या रुग्णालयांत दूर गांवांहून आलेलीं लहान मुलें त्यासाठीं खोळंबून असतात. पांच दिवस टिकणारी वस्तु गांधीजयंतीस दिली ती दिवाळीस कशी पुरणार? ज्याची प्रकृति धडधाकट आहे, त्यानें आपलें नांव व रक्तगट पेढीकडे नोंदवून ठेवावा आणि बोलावणें येईल तेव्हां दोन तास काढावे. बोलावणें बहुधा कामाच्या दिवशीं येतें. कंपनीला खरोखर कांहीं द्यावयाचें असेल, तर तिनें त्या दिवशींची रजा बिनबोभाट द्यावी.

आपणांस जें येतें तेंच द्यावें, हा विचारही आतां मूळ धरूं लागला आहे, ही समाधानाची गोष्ट. टाटा उद्योगसमूहानें २०१४ पासून अशी सोय केली, कीं हिशेबनीसानें एखाद्या संस्थेचे हिशेब लावून द्यावे, संगणक जाणणारानें तिची नोंदपद्धति बसवून द्यावी, आणि हें काम सुटीच्या दिवशीं कांहीं महिने चालवून पुरें करावें. त्याच समूहाच्या टीसीएस कंपनींत फकीरचंद कोहली यांच्या प्रेरणेनें २००० सालीं निरक्षर प्रौढांना संगणकाच्या साहाय्यानें वाचावयास शिकविण्याची पद्धत तयार झाली. अक्षरें गिरवीत न बसतां शब्द ओळखीचे करून घ्यावयाचे, आणि सुमारें चाळीस तासांत वर्तमानपत्र वाचण्याइतपत मजल मारावयाची, असा तिचा बेत. चाळीस तास म्हणजे दहा शनिवारांच्या सकाळी. एवढ्या वेळांत एक माणूस बसची पाटी वाचूं लागत असेल, तर भिंतीचा रंग कोणता असावा यावर खल करण्यांत आम्हांस तरी रस राहत नाहीं.

शेवटीं एका अशा कामाविषयीं सांगावयाचें आहे, कीं ज्यास ना बस लागते, ना सदरा. अंध विद्यार्थ्यास परीक्षेंत उत्तरें तोंडानें सांगावीं लागतात व तीं लिहून घेणारा लेखनिक लागतो. परीक्षा तीन तासांची असली तर नियमाप्रमाणें तासास वीस मिनिटें वाढवून मिळतात. म्हणजे लेखनिकानें चार तास एका जागीं बसून, स्वतःची अक्कल अजिबात न चालवितां, ऐकलें तेवढेंच लिहावयाचें. हें फार कठीण काम आहे. उत्तर चुकत आहे असें दिसत असतां हात आंवरून धरणें, हें शिकलेल्या माणसास किती जड जातें याचा अनुभव ज्यांनीं लेखनिकी केली त्यांस विचारावा. परीक्षा कामाच्या दिवशीं असल्यानें नोकरदारास रजा काढावी लागते, आणि पेपर फुटूं नयेत किंवा उत्तरें आयतीं मिळूं नयेत म्हणून बरेच ठिकाणीं लेखनिकाच्या शिक्षणावर मर्यादा असते. दहावीच्या विद्यार्थ्यास लेखनिक खालच्या इयत्तेंतला लागतो. अशा ठिकाणीं अभियंता झालेल्या थोरल्या चिरंजीवांची पदवीच त्यांच्या आड येते, आणि आठवी-नववींतली धाकटी बहीण पात्र ठरते. तिचें अक्षर सुवाच्य हवें, गणिताच्या खुणा व शास्त्राच्या संज्ञा शुद्ध लिहितां आल्या पाहिजेत, आणि परीक्षेपूर्वीं त्या विद्यार्थ्याबरोबर चार-सहा वेळां बसून त्याच्या बोलण्याची लय ओळखीची करून घेतली पाहिजे. थोरल्या भावानें करावयाचें तें एवढेंच, कीं तिला सरावास नेऊन आणावें, परीक्षेच्या दिवशीं रजा काढून केंद्राबाहेर बसावें, आणि घरच्यांनीं त्या दिवसाचा डबा दोघींचा द्यावा: एक लिहिणारीचा, आणि एक सांगणारीचा. दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्यें असतात. अंध विद्यार्थ्यांच्या शाळांत लेखनिकांचा शोध त्यापूर्वीं बराच आधीं सुरू होतो.